बाळंतिणीची खोली आणि करोनाचा संसर्ग

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न अजूनहि वरचेवर येतो. लिहिणाऱ्या बहुधा सासूबाई असतात, क्वचित् मुलीची आई असते; मजकूर मात्र थोड्याफार फरकानें एकच. सून सात महिन्यांची गरोदर आहे, घरांत कोणाला तरी करोना झाल्याचें तपासणींत निघालें आहे. आतां तिचें आणि पोटांतल्या जिवाचें कसें होणार? बाळंतपण झाल्यावर मूल तिच्यापासून दूर ठेवावें काय? अंगावर पाजूं द्यावें काय? जागतिक आरोग्य संघटनेनें या रोगाची आणीबाणी संपल्याचें ५ मे २०२३ रोजीं जाहीर केलें खरें. पण आणीबाणी संपणें निराळें आणि रोग नाहींसा होणें निराळें. हा विषाणु आपल्यांतच वावरत आहे, अधूनमधून डोकें वर काढतो. आणि गरोदरपण व बाळंतपण तर घरोघर चालूच असावयाचें. तेव्हां भय कोठें बाळगावें व कोठें टाकावें, याचा एकवार स्वस्थपणें विचार करणें अवश्य आहे.

गरोदर स्त्रीला हा रोग इतरांपेक्षां लवकर जडतो, असें आढळलेलें नाहीं. परंतु एकदां जडला म्हणजे तो तिच्या ठिकाणीं उग्र रूप धारण करण्याचा संभव अधिक असतो. त्याचें कारण तिच्या शरीराच्या रचनेंत आहे. गर्भ वाढतो तसतसें गर्भाशय वर चढतें आणि छाती व पोट यांमधील पडद्याला वर ढकलतें. श्वास सोडल्यावर फुप्फुसांत जी हवा शिल्लक राहते, तिचा सांठा अखेरच्या महिन्यांत सुमारें एक पंचमांशानें घटतो. उलट प्राणवायूची गरज जवळजवळ तितकीच वाढते. शिल्लक कमी आणि खर्च मोठा, अशा संसारावर आजारपण कोसळलें म्हणजे जी ओढाताण होते, तीच येथें होते. शिवाय गर्भ हा निम्मा पित्याचा, म्हणजे आईच्या शरीरास निम्मा परका. त्याला सांभाळून घेण्यासाठीं तिची रोगप्रतिकारशक्ति आपली रीत थोडी बदलते. प्रसूतीचा रक्तस्राव आवरावा म्हणून तिचें रक्तहि या काळांत लवकर गोठूं लागतें. आणि करोना हा तर रक्तांत गुठळ्या करणारा रोग. या दोहोंची गांठ पडली म्हणजे काळजीचें कारण उत्पन्न होतें.

हा अनुभव अगदीं नवा नाहीं. १९१८ सालच्या ज्या इन्फ्लुएंझानें मुंबई इलाख्यांत हाहाकार उडविला, त्यानेंहि गरोदर स्त्रियांवर विशेष घाला घातला होता. अमेरिकेंतील १३५० गरोदर रुग्णांची हकीकत १९१९ सालीं प्रसिद्ध झाली; त्यांपैकीं सुमारें निम्म्यांना न्यूमोनिया झाला आणि न्यूमोनिया झालेल्यांपैकीं सुमारें निम्म्या दगावल्या. करोना सुदैवानें इतका घातक ठरला नाहीं. परंतु फुप्फुसांचा साथीचा रोग आला कीं गरोदर स्त्रीकडे प्रथम लक्ष पुरवावें, हा धडा शंभर वर्षांपूर्वींच मिळालेला होता.

करोनासंबंधीं पहिली माहिती चीनमधील वूहान शहरांतून आली. तेथील नऊ गरोदर स्त्रियांची हकीकत २०२० च्या फेब्रुवारींत लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकांत छापली गेली. नऊहि जणी वांचल्या, मुलेंहि वांचलीं. त्यांपैकीं सहाजणींचें गर्भजल, नाळेंतील रक्त आणि दूध तपासलें असतां त्यांत विषाणु सांपडला नाहीं. नऊ ही संख्या अल्प. तिच्यावरून धीर मिळाला, निर्णय करतां आला नाहीं. पुढें अठरा देशांतील २१३० स्त्रियांचा अभ्यास एप्रिल २०२१ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांत करोना झालेल्या ७०६ गरोदर स्त्रियांची तुलना न झालेल्यांशीं केलेली होती. करोना झालेल्यांत रक्तदाब चढून प्रसूति अवघड होण्याचें आणि दिवस भरण्यापूर्वींच मूल जन्मास येण्याचें प्रमाण अधिक आढळलें, आणि मृत्यूचा धोका तर दुसऱ्या गटाच्या बावीसपट भरला. हा आंकडा ऐकून छातींत धस्स होतें. पण 'बावीसपट' या शब्दानें दिपून जाऊं नये. करोना झालेल्यांतहि मृत्यु शंभरांत दोनांहून कमी होते. म्हणजे बहुसंख्य स्त्रिया सुखरूप पार पडल्या. तथापि ज्या गेल्या, त्यांचें जाणें बव्हंशीं टाळतां येण्यासारखें होतें काय, हाच खरा प्रश्न आहे.

त्याचें उत्तर शोधण्यास आपल्याला परदेशीं जावयास नको. मुंबईच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेनें महाराष्ट्रांतील एकोणीस वैद्यकीय महाविद्यालयांच्या साहाय्यानें करोना झालेल्या गरोदर स्त्रियांची एक नोंदवही ठेवली. पहिल्या लाटेंतील ४२०३ स्त्रियांची माहिती त्या नोंदवहींत आली. त्यांपैकीं अवघ्या ५३४ जणींना, म्हणजे शंभरांत तेराजणींना, रोगाचीं लक्षणें होतीं. बाकीच्यांना तपासणी झाली नसती तर आपल्याला कांहीं झालें आहे हें कळलेंहि नसतें. ५२८ प्रसूति अकालीं झाल्या, ३२८ जणींना रक्तदाबाचा विकार जडला, १५८ जणींना अतिदक्षता विभागांत ठेवावें लागलें आणि ३४ जणी मृत्यु पावल्या. या चौतीसजणींच्या बाबतींत मृत्यूशीं ज्या पूर्वविकारांचा संबंध आढळला, ते तीन: रक्तक्षय, क्षय आणि मधुमेह.

या तीन नांवांकडे वाचकांनीं अंमळ थांबून पाहावें. यांतील एकहि विकार करोनानें आणलेला नाहीं. तिन्ही आधींपासून घरांत होते. साथीनें फक्त त्यांच्यावर बोट ठेवलें. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें भारतांतील निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांच्या रक्तांत रक्तरंजकाचें प्रमाण उणें होतें. तें केवळ गरिबाघरींच उणें असतें, असा समज कोणीं करून घेऊं नये. सर्वांचीं पानें उठल्यावर उरलेल्या भाजीवर भागविणारी सून सुखवस्तु घरांतहि असते. उपासाच्या दिवशीं साबुदाणा आणि चहा यांवर दिवस काढणारी गर्भिणीहि असते. जेवणावर लगेच चहा घेतल्यानें अन्नांतील लोह अंगीं लागत नाहीं, हें पुष्कळांना माहीत नसतें. पालेभाज्या, कडधान्यें, त्यांवर लिंबू, डॉक्टरांनीं दिलेल्या लोहाच्या गोळ्या नेमानें, आणि गरोदरपणांत रक्त व साखर यांची तपासणी, ही करोनाविरुद्ध पहिली तटबंदी होय. ती साथ आल्यावर उभारतां येत नाहीं. आधींच असावी लागते.

दुसऱ्या लाटेनें या धड्याला अधिक कठोर रूप दिलें. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें पहिल्या लाटेंतील ११४३ आणि दुसऱ्या लाटेंतील ३८७ गरोदर व बाळंत स्त्रियांची तुलना केली. पहिल्या लाटेंत शंभरांत चौदाजणींना लक्षणें होतीं, दुसऱ्या लाटेंत एकोणतीसजणींना. मृत्यूचें प्रमाण पहिल्या खेपेस शेंकडा ०.७ होतें, तें दुसऱ्या खेपेस ५.७ झालें. त्या वेळीं लस देशांत आलेली होती. परंतु ती गरोदर स्त्रीस देण्याची मोकळीक नव्हती. लसींच्या मूळ परीक्षा गरोदर स्त्रियांना वगळून झाल्या होत्या; पुरावा नाहीं म्हणून लस नाहीं, आणि लस नाहीं म्हणून संरक्षण नाहीं, असें तें चक्र होतें. केंद्र सरकारनें अंगावर पाजणाऱ्या मातांना १९ मे २०२१ रोजीं आणि गरोदर स्त्रियांना २ जुलै २०२१ रोजीं लस घेण्याची परवानगी दिली. तोंवर दुसरी लाट ओसरत आलेली होती.

परवानगी मिळाल्यावरहि कित्येक घरांत वडील मंडळींनीं "कशाला उगाच विषाची परीक्षा?" म्हणून नकार दिला. त्यांचा हेतु वाईट होता असें कोण म्हणेल? पोटांतल्या नातवाच्या काळजीनेंच ते बोलत होते. परंतु कांहीं न करणें म्हणजे धोका न पत्करणें, हा विचार येथें फसवा ठरला. साथ दाराशीं उभी असतां थांबणें हाहि एक निर्णयच असतो, आणि त्याचीहि किंमत असते. नंतरच्या काळांत जगांतील लक्षावधि गरोदर स्त्रियांनीं लस घेतली. तिच्यामुळें गर्भपात वाढले किंवा मुलांत व्यंगें आलीं, असें आढळून आलें नाहीं. उलट आईच्या रक्तांत तयार झालेलीं प्रतिपिंडें वारेंतून मुलाकडे जातात, असें दिसून आलें. अमेरिकेंत २०२२ च्या फेब्रुवारींत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत, गरोदरपणीं लस घेतलेल्या मातांच्या सहा महिन्यांखालील मुलांना करोनामुळें रुग्णालयांत नेण्याची वेळ येण्याचा धोका सुमारें शेंकडा साठांनीं कमी भरला. आज पुन्हां लस घ्यावी कीं नाहीं, हें ज्या त्या स्त्रीच्या प्रकृतीवर व पूर्वीं घेतलेल्या लसींवर अवलंबून आहे. तें तिच्या डॉक्टरांस विचारून ठरवावें. पण विचारण्याच्या वेळीं ती स्वतः तेथें हजर असावी, आणि तिचें म्हणणें ऐकलें जावें. जीव तिचा आहे.

आतां मुलासंबंधीं. आईच्या पोटांत असतांनाच मुलाला संसर्ग होतो काय? होऊं शकतो, पण क्वचित्. जगभरांतील अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलें असतां, करोना झालेल्या मातांच्या नवजात मुलांपैकीं शंभरांत दोघांनाहि संसर्ग झाल्याचें आढळलें नाहीं, आणि ज्यांना झाला त्यांतील बहुतेक मुलें सुखरूप राहिलीं. मात्र दुसरा एक धोका आहे. विषाणु मुलापर्यंत न पोंचतांहि वारेला सूज आणूं शकतो, आणि वार बिघडली म्हणजे मुलाचें पोषण तुटतें. अमेरिकेंतील सुमारें साडेबारा लक्ष प्रसूतींची पाहणी नोव्हेंबर २०२१ मध्यें प्रसिद्ध झाली. करोना नसलेल्या मातांत दर हजारीं ६.४ मुलें मृत जन्मलीं, करोना असलेल्या मातांत १२.६, आणि डेल्टा नांवाच्या प्रकाराच्या काळांत तें प्रमाण २७ पर्यंत गेलें. म्हणून करोना झालेल्या गरोदर स्त्रीनें पोटांतील मुलाच्या हालचालीकडे रोज लक्ष द्यावें. मूल नेहमींपेक्षां मंद झालें आहे असें तिला वाटलें, तर "उद्यां पाहूं" असें कोणींहि म्हणूं नये. त्याच दिवशीं, रात्र असली तरी रात्रींच, रुग्णालय गांठावें.

केवळ करोना झाला म्हणून पोट फाडून मूल काढावें लागतें, हीहि समजूत बरोबर नाहीं. वूहानमधील त्या नऊहि स्त्रियांची प्रसूति शस्त्रक्रियेनें झाली होती, व कांहीं काळ इतरत्रहि तसाच परिपाठ पडला. पुढें अनुभवानें ठरलें कीं, शस्त्रक्रियेचें कारण प्रसूतिशास्त्रांतील नेहमींचेंच असावें, किंवा आईचा श्वास इतका अडला असावा कीं मूल बाहेर काढल्यावांचून तिला मोकळेपणा येणार नाहीं. एरवीं नैसर्गिक प्रसूतीस कांहीं प्रत्यवाय नाहीं.

सर्वांत अधिक दुःख ज्यानें दिलें तें मात्र रोगापेक्षां आपल्या भीतीचें फळ होतें. २०२० मध्यें कित्येक ठिकाणीं मूल जन्मतांच आईपासून दूर नेलें गेलें. चौदा चौदा दिवस आईनें मुलाचें तोंड पाहिलें नाहीं, आणि दूध आटून गेलें. टाळेबंदीच्या दिवसांत कळा देणाऱ्या स्त्रियांना या दारांतून त्या दारांत फिरावें लागलें, तपासणीचा कागद नाहीं म्हणून परत पाठविण्यांत आलें. जागतिक आरोग्य संघटनेनें त्याच वर्षीं स्पष्ट केलें कीं, करोना झालेल्या आईनेंहि मुलास जवळ घ्यावें व अंगावर पाजावें. दुधांतून जिवंत विषाणु मुलाला पोंचून रोग झाल्याचें सिद्ध झालेलें नाहीं. उलट त्या दुधांतून प्रतिपिंडें मिळतात. न पाजल्यानें जुलाब, न्यूमोनिया इत्यादि रोगांचा जो धोका मुलास उत्पन्न होतो, तो करोनाच्या धोक्यापेक्षां कितीतरी मोठा आहे. आईनें पाजण्यापूर्वीं साबणानें हात स्वच्छ धुवावे, तोंडास व नाकास मास्क बांधावा, खोकतांना मुलावरून तोंड वळवावें, म्हणजे पुरे. मुलाच्या तोंडावर मात्र कांहींहि बांधूं नये. त्याचा श्वास कोंडेल. आई फारच आजारी असेल तर दूध काढून दुसऱ्या निरोगी व्यक्तीनें वाटीचमच्यानें पाजावें.

हात धुण्याची गोष्ट क्षुल्लक वाटते. पण बाळंतपणाचा इतिहासच हातांपाशीं येऊन थांबतो. व्हिएन्नाच्या रुग्णालयांत सेमेलवाइस या डॉक्टरानें १८४७ सालीं असा नियम घातला कीं, प्रसूतिगृहांत शिरण्यापूर्वीं प्रत्येकानें चुन्याच्या क्लोराइडाच्या पाण्यांत हात धुतलेच पाहिजेत. तेवढ्यानें दहांत एक बाळंतीण नेणारा बाळंतज्वर शंभरांत दोघींवर आला. त्या काळीं रोगजंतूंची विद्या अजून सिद्ध झालेली नव्हती. नियम मात्र खरा ठरला.

आतां आपल्या घरच्या बाळंतिणीच्या खोलीकडे येऊं. सोयर दहा दिवसांचें. त्या काळांत बाळंतिणीकडे फारशीं माणसें जात नाहींत, तिला कामास लावीत नाहींत, तिच्या वस्तु निराळ्या राहतात. या चालीचा उगम कांहींहि असो, साथीच्या दिवसांत ती उपकारकच आहे, आणि तिचा हा भाग अवश्य ठेवावा. पण त्याच खोलीचीं दारेंखिडक्या घट्ट लावणें, शेगडी धुमसत ठेवणें, ओवा-बाळंतशेपांची धुरी देणें हा भाग सोडून द्यावा. करोना कोंदट हवेंत पसरतो. मोकळी हवा हा त्यावरील सर्वांत स्वस्त उपाय आहे. आणि नवजात मुलाच्या फुप्फुसांना धूर केव्हांहि अपायकारकच. बाळंतिणीस वारा लागेल अशी भीति असेल तर तिची खाट खिडकीसमोरून बाजूस घ्यावी, अंगावर पांघरूण द्यावें, कानास रुमाल बांधावा. पण खिडकी उघडी ठेवावी. शेवेस एकच व्यक्ति असावी, ती तरुण व निरोगी असावी. आजीबाईंना कितीहि हौस असली, तरी बाळंतीण करोनानें आजारी असतां आजीबाईंनीं आंत जाऊं नये. धोका त्यांनाच अधिक. तेल लावावयास येणाऱ्या बाईनेंहि हात धुऊन, मास्क बांधून यावें, आणि तिला सर्दी-खोकला असेल त्या दिवशीं पगार न कापतां सुटी द्यावी. पगार कापला जाईल असें वाटलें म्हणजे ती खोकला लपवील. बारशाचा थाट महिन्यानें केला तरी मुलाचें नांव कांहीं पळून जात नाहीं.

करोना झालेल्या गरोदर स्त्रीची शुश्रूषा बहुधा घरींच होते. तिनें भरपूर पाणी प्यावें, डाव्या कुशीवर निजावें, तापास डॉक्टरांनीं सांगितलेल्या प्रमाणांत पॅरासिटॅमॉल घ्यावें; दुसरीं वेदनाशामकें विचारल्यावांचून घेऊं नयेत. काढ्यांविषयींहि एक शब्द. ज्येष्ठमध पोटांत फार गेलें तर रक्तदाब चढतो. म्हणून 'घरचें औषध, अपाय काय करणार' असें समजून वाटीवर वाट्या काढा गर्भिणीस पाजूं नये. ऑक्सिमीटर घरांत ठेवावा. त्यांतील आंकडा ९५ च्या खालीं गेला, बसल्या जागीं धाप लागली, छातींत दुखूं लागलें, ताप तीन दिवसांनींहि हटला नाहीं, डोकें ठणकून डोळ्यांपुढें काजवे चमकूं लागले, एकच पाय सुजला, अंगावरून रक्त जाऊं लागलें, यांपैकीं एकहि गोष्ट घडली तर घरगुती उपचार तेथेंच थांबवावे.

आणि शेवटीं एक व्यवस्थेची गोष्ट. एकत्र कुटुंबांत माणसें पुष्कळ असतात, म्हणूनच अडचणीच्या वेळीं प्रत्येकजण दुसऱ्याकडे पाहतो. थोरल्या भावाला विचारूं, मामंजी घरीं येऊं देत, असें करतां करतां दोन प्रहर निघून जातात. तेव्हां आठवा महिना लागतांच घरांतल्या सर्वांनीं एकदां बसून चार गोष्टी कागदावर लिहून ठेवाव्या: कोणत्या रुग्णालयांत जावयाचें, करोना निघाला तर तें रुग्णालय घेईल काय आणि न घेतल्यास दुसरें कोणतें, रात्रीं वाहन कोणाचें, आणि बरोबर कोणी जावयाचें. हा कागद देवघराशेजारीं भिंतीस लावावा. वरील लक्षण दिसतांच गरोदर स्त्रीनें कोणाच्या परवानगीची वाट न पाहतां निघावें, असा त्यांतला पांचवा नियम असावा, आणि त्याखालीं घरांतील सर्वांत वडील माणसानें आपल्या हातानें सही करावी.